खाकीची शाळा कुठे भरते?

पोलीस घडवण्याचे काम नाशिकला नवे नाही. १९०२-०३ सालच्या फ्रेझर आयोगाने देशभरातल्या पोलीस खात्याची झाडाझडती घेतली आणि शिकलेल्या तरुणांना थेट फौजदार म्हणून घेऊन नीट शिकवावे, असे सुचवले. त्यातून मुंबई इलाख्याची पोलीस प्रशिक्षण शाळा १९०६ मध्ये पुण्याच्या भांबुर्ड्यात निघाली आणि तीनच वर्षांत, १९०९ मध्ये, नाशिकला आली. त्र्यंबक रस्त्यावरची आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. लोकसेवा आयोगातून निवडलेले उपनिरीक्षक इथे येतात, कवायत आणि कायदा शिकतात आणि खांद्यावर दोन तारे लावून बाहेर पडतात.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकरोडच्याही पुढे, एकलहरे आहे. औष्णिक वीज केंद्राचे धुराडे लांबून दिसते म्हणून गाव ओळखू येते. इथल्या नववी-दहावीच्या मुलाला किंवा मुलीला पोलीस व्हायचे असेल, तर अकादमी नकाशावर जवळ असली तरी प्रत्यक्षात पुष्कळ लांब पडते. मधे पदवी आहे, लोकसेवा आयोगाची पूर्व आणि मुख्य परीक्षा आहे, आणि त्यात जाणारी कितीतरी वर्षे आहेत. त्यामुळे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असते ती शिपाई भरती. बारावी झाली, अठरा पूर्ण झाले की फॉर्म भरायचा.

या गावाच्या आधीच्या पिढ्यांना वेगळे दार माहीत होते. १९७० च्या सुमाराला वीज केंद्र सुरू झाले आणि ‘बोर्डात नोकरी’, म्हणजे वीज मंडळातली नोकरी, हा इथल्या घराघरातला शब्द झाला. पहिले जुने संच कधीच बंद पडले. आज प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, आणि ६६० मेगावॉटच्या नव्या संचाची चर्चा वर्षानुवर्षे कागदावरच आहे. बोर्डाचे दार असे अर्धे लोटलेले असताना खाकीकडे नजर वळली तर त्यात नवल नाही. योगायोग असा की जुन्या दाराची एक किल्ली नव्या दाराला लागते. प्रकल्पात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याकडे प्रकल्पग्रस्ताचा दाखला असतो, आणि पोलीस भरतीच्या समांतर आरक्षणात प्रकल्पग्रस्तांसाठी ५ टक्के जागा असतात.

मग प्रश्न उरतो तो शाळेचा. तेराव्या-चौदाव्या वर्षी ज्याच्या मनात खाकी शिरली, त्याला अठराव्या वर्षापर्यंत शाळा काय देते?

सरकारचे सगळ्यात थेट उत्तर ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ या योजनेत आहे. तिचा उगम केरळातला. आयपीएस अधिकारी पी. विजयन यांच्या पुढाकाराने २ ऑगस्ट २०१० रोजी केरळ पोलिसांनी १२७ शाळांत हा उपक्रम सुरू केला. एका शाळेत एका वर्षी ४४ कॅडेट घ्यायचे, त्यात २२ मुली आणि २२ मुलगे. शाळेतलेच दोन शिक्षक त्यांचे अधिकारी होतात आणि कवायत शिकवायला पोलीस ठाण्यातून माणूस येतो. आठवडी परेड, वाहतूक नियंत्रण, शिबिरे, पोलीस ठाण्यातले काम बघणे, असा भरगच्च कार्यक्रम तिथे आहे. खाकी गणवेश आणि टोपी घातलेली केरळी मुले स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात दिसतात, आणि दहावीच्या निकालात या कामाचे वाढीव गुणही मिळतात.

केंद्र सरकारने ही कल्पना उचलली. २१ जुलै २०१८ रोजी गुरुग्राममध्ये तत्कालीन गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी ती देशभरासाठी जाहीर केली आणि राज्यांना मिळून ६७ कोटी रुपये दिले. पण केरळची योजना दिल्लीमार्गे देशभर जाताना बरीच बारीक झाली. राष्ट्रीय आराखड्यात योजना फक्त आठवी आणि नववीसाठी आहे. पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, आणि वर्ग महिन्यातून एक. शाळेला साहित्य, प्रशिक्षण आणि किरकोळ खर्चासाठी ५० हजार रुपये. विषय दोन प्रकारचे आहेत. गुन्हे रोखण्याच्या भागात समाजाच्या मदतीने पोलीसकाम, रस्ता सुरक्षा, स्त्रिया आणि मुलांची सुरक्षितता, भ्रष्टाचार, आपत्ती व्यवस्थापन. मूल्यांच्या भागात वडीलधाऱ्यांचा मान, सहानुभूती, सहिष्णुता, संयम, शिस्त.

हिशेब करून पाहिला तर शाळेच्या वर्षात सुट्ट्या आणि परीक्षा वजा जाता असे दहा वर्ग होतील. दोन वर्षांचे वीस. मुलांवर बोजा पडू नये म्हणून ही मर्यादा ठेवली, असे सरकारचे म्हणणे, आणि ते चूक नाही. पण वीस तासांत एखाद्याचा पोलिसांबद्दलचा ग्रह बदलू शकेल. पोलीस होण्याची तयारी होणार नाही. योजनेचा तसा दावाही नाही. चांगला नागरिक घडवणे हा तिचा हेतू कागदावर स्वच्छ लिहिलेला आहे. गोंधळ होतो तो नावामुळे आणि गणवेशामुळे. मुलाला वाटते आपण पोलीस झालो, आईबापांना वाटते नोकरीची पायरी चढलो.

महाराष्ट्राच्या शाळांत याहून जुनी ओळख आहे ती आरएसपीची. शाळा सुटताना फाटकासमोर शिट्टी आणि हाताच्या इशाऱ्यावर रिक्षा थांबवणारी सातवी-आठवीची मुले पुष्कळांनी पाहिली असतील, कित्येकांनी स्वतः ते केलेही असेल. रोड सेफ्टी पेट्रोल असे नाव असले तरी ते कुणी उच्चारत नाही. वाहतूक शाखेचा हवालदार येऊन शिकवतो: उजवा हात पुढे, तळवा बाहेर, नजर चालकावर. मोठ्या माणसाला थांबवायचे असते आणि थांबवताना उद्धटही व्हायचे नसते. अधिकार आणि सौजन्य एकाच वेळी कसे वापरायचे, याचा शाळकरी वयातला याहून बरा धडा शोधून सापडणार नाही. दुर्दैवाने बऱ्याच शाळांत आरएसपी आता प्रजासत्ताक दिनाच्या संचलनापुरती उरली आहे.

शाळा आणि पोलीस ठाणे यांची आणखी एक गाठ दरवर्षी जानेवारीत पडते. २ जानेवारी १९६१ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला. त्या दिवसाची आठवण म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ‘रेझिंग डे’ सप्ताह होतो. जवळच्या शाळांतल्या मुलांना ठाण्यात नेतात. ठाणे अंमलदाराचे टेबल, वायरलेस संच, कोठडीचे गज, आणि शेवटी टेबलावर मांडलेली शस्त्रे. मुलांची गर्दी अर्थातच शस्त्रांपाशी होते. एसएलआर रायफल उचलून पाहायला मिळाली तर वर्षभर सांगायला गोष्ट होते. ठाणे अंमलदारापुढची नोंदवही मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि पोलिसाच्या आयुष्यातली बरीच वर्षे त्या नोंदवहीतच जातात. मुलांना तक्रार कशी लिहून घेतात हे एकदा बसवून दाखवले, तर नोकरीचा खरा अंदाज त्यांना तिथेच येईल.

नोकरीशी खरोखर जोडलेली शाळेतली एकच गोष्ट आहे, आणि ती पोलिसांची नाही. राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे एनसीसी. कुंझरू समितीच्या शिफारशीवरून १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली. शाळेतल्या कनिष्ठ विभागात दोन वर्षे काढून परीक्षा दिली की ‘ए’ प्रमाणपत्र मिळते. ‘बी’ आणि ‘सी’ पुढे महाविद्यालयात. सीमा सुरक्षा दल, सीआयएसएफ, सीआरपीएफ अशा केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत कर्मचारी निवड आयोग या प्रमाणपत्रांना वाढीव गुण देतो: ‘सी’ला एकूण गुणांच्या ५ टक्के, ‘बी’ला ३ आणि ‘ए’ला २ टक्के. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. जिथे एकेका गुणावर शेकडो उमेदवार अडकलेले असतात, तिथे ते किरकोळ नसतात. या भरतीला दहावी पुरते, आणि २०२४ पासून तिची परीक्षा मराठीतूनही देता येते. एकलहऱ्यासारख्या गावातल्या मराठी माध्यमाच्या मुलासाठी हा बदल मोठा आहे. अजून सगळ्या शाळांपर्यंत मात्र ही बातमी पोहोचलेली दिसत नाही. हिंदी-इंग्रजीच्या धाकाने ज्या फॉर्मकडे मुले फिरकत नव्हती, तो आता त्यांच्या आवाक्यात आला आहे.

एनसीसीची अडचण जागांची आहे. तुकडी ज्या शाळेला मंजूर असते तिथेच ती असते, आणि गावातल्या छोट्या शाळांच्या वाट्याला ती फारशी येत नाही. नाशिकमध्ये लष्करी वळणाच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी स्थापन केलेली भोसला मिलिटरी स्कूल १९३७ पासून चालते. अलीकडे मुलींना एनडीएसाठी तयार करणारी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थाही नाशिकला सुरू झाली. मुलांसाठी अशी संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. दहावीनंतर निवड, दोन वर्षे राहणे-खाणे-शिकणे, आणि समोर एक ठरलेली परीक्षा. सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्यासाठी शासनाने अशी शिडी बांधली आहे. पोलीस शिपाई होऊ पाहणाऱ्यांसाठी, ज्यांची संख्या कित्येक पटींनी जास्त आहे, तशी शिडी नाही.

ती संख्या किती आहे? २०२४ मध्ये राज्यात १७ हजार ४७१ पदांची भरती झाली. अर्ज आले सुमारे १७ लाख ७६ हजार. एका जागेमागे शंभर जण.

आता या शंभरांतल्या एकाला काय करावे लागते ते पाहू. आधी मोजमाप: पुरुषांची उंची किमान १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. मुलींची उंची १५५. मग मैदानी चाचणी, उमेदवारांच्या भाषेत ‘ग्राउंड’, एकूण ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुणांचे, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. ग्राउंडला निम्मे गुण मिळाले तरच पुढचा विचार, आणि त्यातूनही गुणवत्तेनुसार एका जागेमागे दहा जणांनाच लेखीला बोलावतात. लेखी १०० गुणांची, दीड तासाची: अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, मराठी व्याकरण. राज्य राखीव दलात जायचे असेल तर उंची १६८ लागते आणि ग्राउंडला पाच किलोमीटर.

१६०० मीटरला पैकीच्या पैकी गुण हवेत तर वेळ ५ मिनिटे १० सेकंद. म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत. पहिली फेरी जोशात सत्तरमध्ये काढणारा मुलगा तिसऱ्या फेरीत बसतो, हे कुठलाही प्रशिक्षक सांगेल. तिसरी फेरी कशी सांभाळायची हे पाय शिकतात, आणि पायांना ते शिकायला दीड-दोन वर्षे लागतात. पायाला आरएफआयडी चिप बांधलेली असल्याने वेळ यंत्रच मोजते. हवालदाराच्या घड्याळाशी हुज्जत घालायचे दिवस गेले.

गोळ्याची गंमत आणखी वेगळी. भरतीत पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, आणि पूर्ण गुणांसाठी तो साडेआठ मीटर गेला पाहिजे. अॅथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या मुलांचा गोळा असतो ५ किलोचा, विसाखालच्यांचा ६ किलोचा. म्हणजे शालेय स्पर्धांत बक्षिसे मिळवणारा मुलगाही अठरा पूर्ण करून भरतीला उतरतो, तेव्हा हातात सवयीपेक्षा दोन किलोंहून अधिक जड गोळा येतो. मनगटाच्या जोरावर फेकायची सवय असेल तर खांदा दुखावतो. गोळा मानेला टेकवून, गुडघ्यात वाकून, कमरेच्या वळणातून ढकलायचा असतो. फेकायचा नसतोच. शाळेत पीटीचा तास असतो, गोळाही असतो. बहुधा खेळसाहित्याच्या कपाटात, कुलपात.

मुलींच्या बाबतीत हिशेब थोडा निराळा आहे. त्यांचा गोळा ४ किलोचा, पूर्ण गुणांसाठी सहा मीटर. ८०० मीटरला २ मिनिटे ५० सेकंद. जागांत ३० टक्के आरक्षण. कागदावर दार उघडे आहे. अडचण पहाटे पाचला उठून रस्त्यावर धावायची आहे. अंधारात, ट्रकच्या रस्त्याने, एकट्या मुलीला घरचे सोडत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. ज्या गावात शाळेचे मैदान पहाटे उघडते, दिवा असतो आणि एखाद्या मॅडम किंवा सर तिथे उभे असतात, तिथल्या मुली यादीत दिसू लागतात. इतकी साधी सोय भल्यामोठ्या योजनेपेक्षा जास्त काम करते.

नववी संपली की पोलीस कॅडेट योजना संपते. अठरा पूर्ण झाले की भरती सुरू होते. मधली तीन-चार वर्षे कुणाची? ती ‘करिअर अकादमी’ची. नाशिकसह जिल्ह्याजिल्ह्यांत अशा अकादम्या निघाल्या आहेत. भिंतींवर निवड झालेल्यांचे फोटो, मेस, वसतिगृह, सकाळ-संध्याकाळ ग्राउंड आणि दुपारी गणित-मराठी. काही उत्तम आहेत. निवृत्त सुभेदार किंवा माजी पोलीस मनापासून शिकवतात. काही नुसती दुकाने आहेत. शुल्क, राहणे, खाणे धरून शेतमजुराच्या घराला ते झेपत नाही. सरकारी बाजूने बार्टी, महाज्योती या संस्था आणि अल्पसंख्याक विकास विभाग यांच्या भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या योजना आहेत, विद्यावेतनासह. पण त्याही साधारण बारावी झालेल्यांसाठी. म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पुन्हा मधेच लोंबकळतो.

त्यात शरीराचा धोकाही आहे. कुणी न शिकवता, यूट्यूबवर पाहून, उपाशीपोटी धावणारी मुले घोट्याला आणि पोटरीला जायबंदी होतात. जून २०२४ मध्ये नवी मुंबईतल्या बाळेगाव इथे राज्य राखीव दलाच्या मैदानी चाचणीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांची प्रकृती बिघडली आणि एकाचा जीव गेला. भरतीच्या आधी एकदा हृदय आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, हे सांगण्याची जागा शाळाच आहे. शालेय आरोग्य तपासणी तशीही होत असते.

परदेशात शाळा आणि पोलीस यांची सांगड वेगवेगळ्या प्रकारे घातलेली दिसते. सिंगापूरची नॅशनल पोलीस कॅडेट कोअर १९५९ पासून माध्यमिक शाळांत आहे आणि तिथे ती खेळ किंवा संगीतासारखाच एक उपक्रम मानली जाते. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १९८१ साली कायदा-अंमलबजावणी शिकवणारे स्वतंत्र सरकारी हायस्कूलच निघाले. गणित-इंग्रजीबरोबर गुन्हेतपास, न्यायालयाचे कामकाज, अहवाल लिहिणे हे विषय. त्याच देशात चौदा ते वीस वयाच्या मुलांना पोलीस ठाण्याशी जोडणारा ‘एक्स्प्लोरर’ कार्यक्रम दशकानुदशके चालतो. मुले गस्तीच्या गाडीत बसतात, रेडिओवर बोलतात. या जवळिकीची काळी बाजूही तिथे उघड झाली: पोलिसांनीच या मुलामुलींचे लैंगिक शोषण केल्याची अनेक प्रकरणे पत्रकारांनी आणि न्यायालयांनी समोर आणली. गणवेशातल्या मोठ्या माणसाशी किशोरवयीन मुलांना एकटे सोडायचे नाही, दुसरे मोठे माणूस बरोबर हवेच, हा नियम आपल्याकडच्या योजनेत पहिल्या दिवसापासून पाळला गेला पाहिजे. आपल्याकडे २०१२ पासून पोक्सो कायदा आहे, पण कायदा नंतर येतो; बरोबरचे ते दुसरे मोठे माणूस आधी लागते.

ब्रिटनच्या व्हॉलंटरी पोलीस कॅडेट योजनेतली एक गोष्ट मात्र मुद्दाम उचलण्यासारखी आहे. तेरा ते अठरा वयाच्या या मुलांत साधारण चौथा हिस्सा गुन्हेगारीच्या किंवा समाजाबाहेर फेकले जाण्याच्या उंबरठ्यावरचा असावा, असे त्यांचे धोरण आहे. आपण नेमके उलटे करतो. कॅडेट निवडायचे म्हटले की सर वर्गातल्या पहिल्या बाकावर बोट ठेवतात. मागच्या बाकावरचा, भांडणारा, घरी दारूचे भांडण पाहून आलेला मुलगा बाहेरच राहतो. पोलीस ठाण्याची ओळख त्याला पुढे होतेच, फक्त दुसऱ्या बाजूने.

शेजारच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये याहून अजब प्रकार आहे. कामावर असताना पोलीस वारला तर त्याच्या लहानग्याला ‘बाल आरक्षक’ म्हणून नेमतात. पोरगे शाळेत शिकते, अधूनमधून कार्यालयात येऊन हजेरी लावते, शिपायाच्या पगाराचा काही भाग घरी जातो आणि अठरा झाल्यावर ते पूर्ण शिपाई होते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे करिअर ठरून जाते. कुटुंबाला आधार मिळतो हे खरे, पण त्या मुलाला चित्रकार व्हायचे असेल तर विचारणार कोण? महाराष्ट्रात अनुकंपा यादीत नाव लागते, नोकरी सज्ञान झाल्यावरच. शिवाय पोलीस पाल्यांसाठी भरतीत ३ टक्के समांतर आरक्षण आहे.

ग्राउंड आणि लेखी, दोन्हीतही एक गोष्ट कुठेच तपासली जात नाही. समोर रडणारी बाई उभी असताना हा उमेदवार काय करील? बाल न्यायाच्या नियमांनुसार अल्पवयीन मुलाशी बोलताना पोलिसाने गणवेशात नसावे. हे भरती होण्याआधी किती उमेदवारांना माहीत असते? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. अटक झालेल्याचे हक्क, पंचनामा म्हणजे काय, एफआयआरची प्रत फुकट मिळते की नाही, हे भरतीच्या पुस्तकांत सापडते ते एका गुणाच्या पर्यायी प्रश्नापुरते. कायदा शिकवायचा तो प्रशिक्षण केंद्रात, असे खाते म्हणते. पण प्रशिक्षण केंद्रात येईपर्यंत माणूस घडून गेलेला असतो. पोरगे जेवत नसले की ‘थांब, पोलिसाला बोलावते’ म्हणणाऱ्या घरांतूनच हे उमेदवार येतात, आणि पोलीस म्हणजे धाक ही समजूत तिथूनच सोबत आणतात. कॅडेट योजनेतले सहानुभूती आणि संयमाचे ते वर्ग इथे खऱ्या अर्थाने कामाचे आहेत, अट एवढीच की ते कुणी भाषण म्हणून उरकू नयेत.

सीबीएसईच्या शाळांत नववी-दहावीला ‘सुरक्षा’ हा कौशल्य विषय घेता येतो. खासगी सुरक्षा रक्षकाच्या कामावर तो बेतलेला आहे. राज्य मंडळाने नववी-दहावीसाठी ‘संरक्षणशास्त्र’ आणले, पण त्यात सैन्य, सीमा आणि युद्धनीती जास्त, पोलीस ठाणे कमी. दोन्हीकडे मधली जागा रिकामीच आहे.

आणि भरतीत नाव आले नाही म्हणजे सगळे संपले, असेही नाही. ही गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही म्हणून मुले पाच-सहा वर्षे त्याच एका फॉर्ममागे घालवतात. १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या होमगार्डला दहावी पुरते, आणि तिथे तीन वर्षे काढली की पोलीस भरतीत ५ टक्के समांतर आरक्षणाचा लाभ मिळतो. कारागृह शिपाई हे पद त्याच भरतीतले. नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह एकलहऱ्यापासून जवळ आहे. पोलिसांच्या बँड पथकासाठी दहावी चालते, पण वाद्य यावे लागते; शाळेच्या बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याला हे ठाऊक असते का? गावातच राहायचे असेल तर पोलीस पाटील आहे: १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानुसार नेमणूक, दहावी उत्तीर्ण, वय २५ ते ४५, त्याच गावचा रहिवासी.

एकलहऱ्याच्या मुलाचे किंवा मुलीचे स्वप्न बहुतेक वेळा मैदानावर मोडत नाही, कागदावर मोडते. भरतीत निवड झाल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते, आणि तिथे दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, दाखल्यावर वडिलांचे नाव, जातीच्या दाखल्यावर आजोबांचे, नॉन-क्रिमीलेअर मुदतीबाहेरचे, प्रकल्पग्रस्ताचा दाखला काकांच्या नावावर आणि हस्तांतर झालेलेच नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख किंवा जात दहावीचा फॉर्म जाण्याआधी दुरुस्त करणे सोपे असते; शाळा सोडल्यावर तेच काम महिनोन्महिने चालते. म्हणून आठवी-नववीच्या कॅडेट वर्गातला एक तास मुख्याध्यापकांनी शाळेच्या क्लार्ककडे सोपवावा. प्रत्येकाने घरून दाखल्यांच्या झेरॉक्स आणाव्यात आणि क्लार्कने एकेकाचे नाव, जन्मतारीख, जात रजिस्टरशी ताडून पाहून जिथे फरक असेल तिथे दुरुस्तीचा अर्ज त्याच तासाला भरून घ्यावा.